तहान कोणाला लागते?

मराठीत माणूस तहान करीत नाही. त्याला तहान लागते. ठेच लागते, नजर लागते, वेड लागते, तशीच ही. व्याकरणाच्या तासाला या वाक्याने आम्हा मुलींना बरेच छळले आहे. 'मला तहान लागते' या वाक्यातला कर्ता कोण? वर्गात हटकून दोन तट पडत. एक तट 'मला'च्या बाजूचा. घसा ज्याचा कोरडा पडतो तोच कर्ता, असे त्याचे साधे म्हणणे. पण 'लागणारे काय?' असा नियमाप्रमाणे प्रश्न केला की उत्तर येते 'तहान'. म्हणजे कर्तेपण तहानेकडे, आणि मी आपली चतुर्थी विभक्तीत, जे काय लागेल ते सोसायला उभी!

या शब्दाचे कूळ शोधू गेले तर ते फार मोठ्या घराण्यातले निघते. संस्कृतात 'तृष्णा', पाली-प्राकृतात 'तण्हा' आणि मराठीत 'तहान'. गौतम बुद्धांनी साऱ्या दुःखाचे मूळ म्हणून बोट ठेवले ते याच तण्हेवर. तोच शब्द अडीच हजार वर्षे चालत चालत आमच्या माजघरात आला आणि माठाशेजारी घोटभर पाण्यासाठी उभा राहिला. तत्त्वज्ञानातली तृष्णा कधी भागत नाही म्हणतात. माजघरातली तहान मात्र एका तांब्याने भागते. ही भागणारी तहान म्हणजे नेमके काय, ती कोणाला लागते आणि भागली हे कोणाला कळते, या प्रश्नांनी गेल्या उन्हाळ्यापासून माझा पिच्छा पुरवला आहे. विषय शास्त्र शाखेचा आणि मी कला शाखेची, हे मला ठाऊक आहे. पण लागताना तहान शाखा विचारीत नाही.

तहान कुठे लागते असे कोणालाही विचारा, तो गळ्याला हात लावील. यात हसण्यासारखे काही नाही. वॉल्टर कॅनन हे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातले मोठे शरीरशास्त्रज्ञ. १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्याख्यानात त्यांनीही जवळजवळ हेच सांगितले होते : अंगातले पाणी कमी झाले की लाळ आटते, तोंड आणि घसा कोरडा पडतो, आणि या कोरडेपणाच्या जाणिवेलाच आपण तहान म्हणतो. पण या विचाराला छेद देणारा प्रयोग त्यांच्याही कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, फ्रान्समध्ये क्लोद बेर्नार यांनी करून ठेवला होता. त्यांनी एका घोड्याच्या अन्ननलिकेला छिद्र पाडले. घोडा तहानलेला. त्याच्यापुढे पाणी ठेवले. तो पिऊ लागला, आणि प्यालेले पाणी गळ्याखालच्या छिद्रातून बाहेर पडू लागले. तोंड ओले, घसा ओला, तरी घोडा पितच राहिला. दमला की थांबे, दम खाऊन पुन्हा तोंड घाली. पाणी पोटात उतरू लागले तेव्हाच त्याचा जीव शांत झाला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते याहून वेगळे काय असणार!

म्हणजे घसा हा दारावरचा भालदार. तो वर्दी देतो. पण आत गादीवर बसलेला कोणी दुसराच आहे. तो दुसरा कोण, हे एका शेळीने दाखवून दिले.

ही शेळी स्वीडनमधली. स्टॉकहोमच्या पशुवैद्यक महाविद्यालयात बेंग्ट आंदेरसन नावाचे संशोधक काम करीत. १९५२-५३ च्या सुमारास त्यांनी शेळीच्या मेंदूत अगदी तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात, बारीक सुईने मिठाच्या तीव्र पाण्याचा जेमतेम थेंबभर अंश सोडला. शेळी पाणी पिऊन तृप्त होती, रवंथ करीत होती म्हणा ना. पण मिनिटभराच्या आत ती उठल्यासारखी पाण्याकडे वळली आणि लिटरमागून लिटर पाणी पिऊ लागली. पुढे त्याच जागी त्यांनी विजेचा सौम्य प्रवाह देऊन पाहिला. तरी तेच. प्रवाह सुरू असेतो शेळी पिते आहे, प्रवाह थांबला की शेळीही थांबते आहे. एरवी जे खारट पाणी तिने हुंगून टाकून दिले असते, तेही ती त्या भरात प्याली. तिच्या घशाला कोणी हात लावला नव्हता, तिचे रक्त आटले नव्हते. तहान नावाची गोष्ट मेंदूतल्या मोहरीएवढ्या जागेत मुक्कामाला असते, याची ती पहिली स्वच्छ खूण होती.

पण त्या जागेला कळते तरी काय? तिला पाणी दिसत नाही. मोजायला तिच्याजवळ मापटे नाही. तिला कळते ते मीठ. हे मी आमच्या स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगते. चुलीवर आमटी उकळत ठेवली आणि विसरली, की पाणी आटते आणि आमटी खारट होते. मीठ वाढलेले नसते, पाणी कमी झालेले असते. पण जिभेला कळतो तो खारटपणा. आपल्या रक्ताचेही तसेच आहे. घामाने, श्वासाने, लघवीने पाणी जात राहते आणि रक्ताची आमटी किंचित खारट होत जाते. मेंदूत अशा काही पेशी आहेत की, त्या ही आमटी सदोदित चाखत बसलेल्या असतात. रक्त खारट झाले की या पेशींतले पाणी बाहेर खेचले जाते आणि त्या आकसतात. मीठ लावून ठेवलेल्या काकडीच्या फोडींना पाणी सुटते आणि त्या मऊ पडतात, तोच हा प्रकार. पेशी आकसली की तिच्यातून इशारा निघतो. हा खारटपणा शंभरात एका-दोहोंनी वाढला तरी इशारा निघतो म्हणजे पाहा! इतकी तिखट जीभ कोणत्या सुगरणीला असेल?

मेंदूचा बहुतेक भाग रक्तापासून पडद्याआड ठेवलेला असतो. रक्तातली वाटेल ती वस्तू तिथे शिरू शकत नाही. या चाखणाऱ्या पेशी मात्र जिथे तो पडदा विरळ आहे अशाच एक-दोन ठिकाणी बसवलेल्या आहेत. वाड्याला सगळीकडून भिंत असावी आणि गावातली खबरबात कळावी म्हणून एखादा झरोका ठेवावा, तशी ही योजना.

आमटी आटते आहे असे दिसले तर सुगरण काय करते? दोन गोष्टी. एक, भांड्यावर झाकण ठेवते; दुसरी, वरून पाणी घालते. मेंदूही नेमके हेच करतो. वरून पाणी घालणे म्हणजे तहान. आणि झाकण ठेवणे हे काम एका संप्रेरकाचे, म्हणजे हॉर्मोनचे. त्याचे नाव व्हॅसोप्रेसिन. केंब्रिजचे व्हर्नी यांनी कुत्र्यांच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात तीव्र मिठाचे पाणी सोडून पाहिले, तेव्हा त्या कुत्र्यांची लघवी थोड्याच वेळात आटली. त्यांचे हे काम १९४७ साली प्रसिद्ध झाले. मेंदूने मीठ चाखले आणि दूर पाठीशी असलेल्या मूत्रपिंडांना निरोप धाडला, 'पाणी सोडू नका!' हा निरोप मज्जातंतूच्या तारेने जात नाही; रक्ताच्या टपालाने जातो.

या निरोपाचा प्रवास मोठा रंजक आहे. हायपोथॅलॅमसमधल्या काही मज्जापेशी हे संप्रेरक स्वतः तयार करतात. त्या पेशींचे लांब तंतू खाली लोंबणाऱ्या पोष ग्रंथीच्या मागच्या भागात उतरलेले असतात. माल तंतूंतून तिथे येतो, साठवला जातो आणि वरून इशारा आला की रक्तात सुटतो. तिथून मूत्रपिंडात. आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक ती कोणाला न विचारता परत घेतात. पण शेवटच्या टप्प्यावर जे उरते ते परत घ्यायचे की जाऊ द्यायचे, हे व्हॅसोप्रेसिन ठरवते. ते आले की नलिकांच्या पेशींत पाण्याच्या बारीक मोऱ्या उघडतात आणि पाणी परत रक्तात येते. या मोऱ्यांचा शोध पीटर ॲग्री यांना १९९२ च्या सुमारास लागला आणि २००३ साली त्यांना त्याबद्दल रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा व्यवस्थेमुळे १८० लिटरांतून दिवसाला दीड-दोन लिटर लघवी होते. व्हॅसोप्रेसिन अजिबात नसेल तर ती १५-२० लिटरांपर्यंतही जाते. मग माणूस रात्रंदिवस पीत राहतो आणि तरी तहानलेलाच. साखरेच्या मधुमेहाशी संबंध नसलेला हा एक वेगळाच आजार आहे.

व्हॅसोप्रेसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची माळ. ती कशी ओवली आहे हे ज्यांनी उलगडले त्या व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांना १९५५ सालचे नोबेल मिळाले. मला यात सर्वांत विलक्षण वाटले ते हे की, माणसाची माळ आणि गाईची माळ अगदी एक आहे, मण्याला मणी तोच. डुकराच्या माळेत तेवढा आठवा मणी वेगळा. माणसाला आणि गाईला एकाच रसायनाने पाणी राखायला शिकवले आहे. गोठा आणि माजघर यांमध्ये आपण भिंत घातली. निसर्गाने घातली नाही.

या माळेत एखादे अक्षर गळाले तर काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या ब्रॅटलबोरो नावाच्या गावी १९६१ साली एका प्रयोगशाळेत काही उंदीर असे आढळले की, त्यांच्या पाण्याच्या बाटल्या भराभर रिकाम्या होत. रोज ते आपल्या वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी पीत आणि तितकेच टाकीत. त्यांच्या अंगी व्हॅसोप्रेसिनच नव्हते. १९८४ साली कारण कळले. ते संप्रेरक बनवण्याची जी आज्ञा वंशपरंपरेने पेशीत लिहिलेली असते, तिच्यातले एकच अक्षर गळाले होते. मासिकाची मुद्रिते तपासताना एक काना निसटला तर 'माळ'चा 'मळ' होतो आणि आपण हसतो. इथे एक अक्षर गळाले आणि पिढ्यान् पिढ्या उंदीर आयुष्यभर पाण्याच्या नळीला तोंड लावून बसले.

हे सगळे मी का वाचत बसले, ते आता सांगायला हवे. आमची आजी ८४ वर्षांची. जन्म बीड जिल्ह्यातल्या खेड्यातला आणि संसारही तिथलाच. १९७२ च्या दुष्काळात तिने खडी फोडली, पोराला पाठीशी बांधून दोन-दोन मैलांवरून हंडे आणले. पाण्याची किंमत तिला कोणी सांगायला नको. आजही ती भांडी विसळलेले पाणी तुळशीला घालते आणि आमच्या नळाखालच्या बादलीवर तिची नजर असते. गेल्या उन्हाळ्यात तिचे पाणी पिणे हळूहळू कमी झाले. माठ भरलेला होता, वाळा टाकलेला होता, घरात आम्ही सगळे होतो. आई फुलपात्र पुढे करी. आजी दोन घोट घेऊन ते खाली ठेवी आणि म्हणे, "तहानच नाही मला, तर बळंच कशाला पिऊ?" यावर कोणाजवळ काय उत्तर असणार? ज्याची तहान त्यालाच ठाऊक, असेच आपण धरून चालतो.

एप्रिलच्या अखेरीस एका दुपारी ती ग्लानीत बोलू लागली. मला तिने माझ्या आत्याच्या नावाने हाक मारली. तिला दवाखान्यात नेले. रक्त तपासले, तेव्हा त्यात सोडियम १५८ निघाले. ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असावे लागते. आमटी फार आटली होती. तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "आजींना तहान लागत नव्हती का?" आईने आजीचेच वाक्य सांगितले. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. या वयात ती लागेलच असं नाही."

मला वाटले, आता भराभर सलाइन लावतील आणि संध्याकाळपर्यंत आजी उठून बसेल. तसे झाले नाही. पाणी देणे सुरू झाले, पण अगदी मोजून, हळूहळू. खारट रक्ताला मेंदूच्या पेशी एव्हाना सरावलेल्या असतात. त्यांनी आपल्या आतही तजवीज करून घेतलेली असते. अशा वेळी रक्त एकदम पातळ केले तर पाणी त्या पेशींत घुसते आणि मेंदूला सूज येते. म्हणून घाई नाही. ते दोन दिवस आम्ही बाटलीतून पडणारा थेंब न् थेंब पाहत बसलो. आई माळ ओढीत होती. बाबा सारखे बाहेर जात होते आणि कारण नसताना परत येत होते. मला एकच विचार येत होता. बहात्तर साली जिची तहान हंडाभर पाण्यासाठी तिला मैलोन् मैल चालवत होती, तिला त्याच तहानेने आता भरल्या घरात कसे सोडून दिले?

तिसऱ्या दिवशी सकाळी आजीने डोळे उघडले. माझ्याकडे पाहून मला माझ्या नावाने हाक मारली आणि म्हणाली, "अगं, गाईला पाणी दाखवलं का?" गाय विकून वीस वर्षे झाली. पण त्या प्रश्नाने आमच्या आईने पदर डोळ्यांना लावला, कारण हरवलेली आजी परत आली होती आणि पहिली आठवण घेऊन आली होती ती दुसऱ्याच्या तहानेची.

डॉक्टरीणबाईंचे ते वाक्य माझ्या मनात राहिले. शोध घेतला तेव्हा कळले की, १९८४ साली ऑक्सफर्डमधल्या काही डॉक्टरांनी यावर एक साधा आणि चोख प्रयोग केला होता. सात धडधाकट वृद्ध आणि सात तरुण. सगळ्यांना चोवीस तास पाण्यावाचून ठेवले. नंतर पाणी पुढे ठेवले. तरुणांनी घटाघटा पिऊन आपली तूट भरून काढली. वृद्धांचे रक्त तरुणांहून अधिक खारट झालेले होते. पण तोंड कोरडे पडल्याची किंवा तहानेची त्यांची तक्रार फारशी नव्हती, आणि पाणी समोर असून ते प्याले थोडेच. आजारी माणसे नव्हती ती, चांगली हिंडती-फिरती होती. वय झाले की तहानेची धार बोथट होते, आणि त्याच वेळी मूत्रपिंडेही व्हॅसोप्रेसिनचा निरोप पूर्वीसारखा ऐकत नाहीत. झाकण सैल झालेले, आणि वरून पाणी घालणारी सुगरण पेंगते आहे. आजीचे 'तहानच नाही मला' हे हट्टाचे बोलणे नव्हते. ते शब्दशः खरे होते.

'पाणी दाखवणे' हा आजीचा शब्दप्रयोग मला त्यानंतर फार आवडू लागला. जनावराला आपण पाणी दाखवतो. किती प्यायचे ते जनावर ठरवते. आणि ते कसे ठरवते, हेही एक कोडेच आहे. तहानलेला कुत्रा तीन-चार मिनिटांत हवे तेवढे, जवळजवळ तूट असेल तितकेच पाणी पितो आणि बाजूला होतो. वास्तविक ते पाणी अजून पोटातच असते. रक्तात पुरते मिसळायला दहा-वीस मिनिटे तरी लागतात. म्हणजे रक्त अजून खारटच आहे, तरी कुत्रा थांबतो. कशाच्या भरवशावर?

याचे उत्तर अगदी अलीकडे, २०१६ साली, कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी उंदरांवरून दिले. त्यांनी मेंदूतल्या तहानेच्या पेशींचे काम प्रत्यक्ष चालू असताना पाहिले. तहानलेल्या उंदराच्या या पेशी खळबळलेल्या असतात. उंदराने पाण्याला जीभ लावली की मिनिटभरात त्या शांत होतात, रक्तात थेंबभर पाणी पोचण्याआधीच. घोट मोजून त्या पुढचा अंदाज बांधतात. उलट, उंदीर कोरडे अन्न खाऊ लागला की रक्त खारट होण्याआधीच त्या जाग्या होतात. आता पाणी लागणार, हे त्यांना आधीच कळते. नुसता गारवा तोंडाला लागला तरी त्या थोड्या निवतात. माठाच्या पाण्याने तहान चटकन भागते असे आपण म्हणतो त्यात तथ्य आहे तर! पुढच्या संशोधनात आढळले की, आतड्यातूनही दुसरी पावती जाते. प्यालेले ते खरोखर पाणीच होते की खारे पाणी होते, याची ती पावती. बेर्नारच्या घोड्याला घोटांचा हिशेब मिळत होता; ही खालची पावती मिळत नव्हती. म्हणून तो बिचारा पुन्हा पुन्हा हौदाशी येई.

तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. ही म्हण आपल्या मेंदूने आपल्याआधीच पाठ केली आहे. २०१६ सालीच कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की, उंदीर झोपण्याआधी मुद्दाम पाणी पिऊन घेतात. त्या वेळी रक्तात पाण्याची तूट नसते. मेंदूतले घड्याळ तहानेच्या पेशींना व्हॅसोप्रेसिनच्याच मार्फत सांगते की, आता लांबची झोप आहे, साठा करून ठेवा. ते न प्यायलेला उंदीर पहाटेपर्यंत कोरडा पडतो. निजताना उशाशी तांब्या आणि वर फुलपात्र ठेवण्याची आपली रीत आठवते की नाही?

तहानलेल्या जनावरांची गोष्ट निघाली की मराठी माणसाला एकनाथ महाराज आठवतात. काशीहून गंगेची कावड घेऊन ते रामेश्वराला निघाले होते. वाटेत वाळवंटात एक गाढव पाण्यावाचून तडफडत होते. नाथांनी देवासाठी आणलेली कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. लहानपणापासून ऐकलेली ही कथा मी या उन्हाळ्यात नव्याने ऐकली. गाढव हा प्राणी पाण्याच्या बाबतीत मोठा खंबीर. सहारा वाळवंटात गाढवांवर आणि उंटांवर प्रयोग झालेले आहेत. अंगातले जेवढे पाणी गेल्यावर माणूस दगावेल, तेवढे गमावूनही गाढव तग धरते, आणि पाणी मिळताच काही मिनिटांत बहुतेक तूट भरून काढते. असे हे गाढव ज्या अर्थी आडवे झाले होते, त्या अर्थी त्याची अवस्था अगदी शेवटची असणार. कथा सांगणाऱ्यांना गाढवाचे शरीरशास्त्र ठाऊक नव्हते, पण त्यांनी प्राणी अचूक निवडला आहे. जे कोणाकडे काही मागू शकत नाही, ज्याला कोणी पाणी दाखवीत नाही, असे ते जनावर.

तहानेची आणखी एक जात आहे. ती मिठाच्या हिशेबाने लागत नाही. शरीरातून रक्तच वाहून गेले तर रक्ताचा खारटपणा तोच राहतो, फक्त साठा घटतो. अशा वेळी मूत्रपिंडे एक वेगळी साखळी सुरू करतात आणि तिच्या शेवटी अँजिओटेन्सिन नावाचे रसायन मेंदूतल्या त्याच झरोक्याशी येऊन तहानेला जागे करते. रणात जखमी पडलेला माणूस प्रथम पाणी मागतो तो यामुळे. महाभारतात शरपंजरी पडलेल्या भीष्मांना तहान लागते. राजे लोक थंड पाण्याचे कलश घेऊन धावतात. भीष्म ते घेत नाहीत. अर्जुन जमिनीत बाण मारतो आणि पाण्याची धार वर येते. ज्या पुरुषाने राज्य सोडले, विवाह सोडला, मृत्यूलाही थांबवून धरले, त्याला तहान मात्र टाळता आली नाही. इच्छामरणी माणसालाही तहान इच्छेप्रमाणे लागत नाही, ती लागते तेव्हा लागते. आणि आता मला ठाऊक झाले आहे की, कधी कधी ती लागायची तेव्हा लागतही नाही.

या साऱ्या वाचनानंतर माझी एक समजूत पार बदलली. तहान ही प्रत्येकाची खाजगी बाब आहे, ज्याची त्याला कळते, आपण मध्ये पडू नये, असे मला वाटे. पण मेंदूच्या तळाशी बसलेल्या मूठभर पेशींवर ती अवलंबून आहे, आणि त्या पेशी थकतात. डोळ्यांनी कमी दिसू लागले की आपण चष्मा आणतो, कानांनी कमी ऐकू आले की मोठ्याने बोलतो. तहान कमी झालेली मात्र दिसत नाही. ज्याची कमी झाली त्याला तर ती मुळीच जाणवत नाही, कारण जाणवणारी गोष्टच गेलेली असते. म्हणून ती दुसऱ्याने लक्षात ठेवावी लागते.

आमच्या घरी आता भिंतीवर एक कागद लावलेला आहे. आजीला दिवसभरात किती पाणी द्यायचे, ते डॉक्टरीणबाईंनी ठरवून दिले आहे. सकाळचे फुलपात्र आईचे, दुपारचे माझे, संध्याकाळचे बाबांचे. धाकट्या भावाने उसाच्या रसाचाही एक घर कागदावर घुसडला होता. तो खोडावा लागला. आजी कुरकुरते. "बळंच, बळंच," म्हणत घोट घोट घेते. कधी ताक, कधी पातळ पेज, कधी कलिंगडाची फोड. 'तहान लागली का?' हा प्रश्न आम्ही तिला विचारणे सोडून दिले आहे.

आपल्याकडे उन्हातून कोणी आले की आधी गूळपाणी पुढे येते, मग कुठून आलात, कसे आलात. पाहुणा म्हणतो, "नको नको, आत्ताच प्यालो." तरी तांब्या येतोच. ही रीत ज्यांनी घातली त्यांना हायपोथॅलॅमस ठाऊक नव्हता. पण तोंडाने 'नको' म्हणणाऱ्या माणसालाही पाणी लागते, हे त्यांनी पाहिलेले होते. तुमच्या घरीही अशी एखादी आजी असेल, एखादे आजोबा असतील. येत्या उन्हाळ्यात त्यांना तहान लागली का, ते विचारीत बसू नका. तांब्या भरा, फुलपात्र त्यांच्या हातात द्या, आणि ते रिकामे होईतो जरा शेजारी बसा.